पहिली शिकवणी कुठून मिळते?

प्रश्न : आमचं घर चिंचोटीला, महामार्ग सोडून कामणकडे वळलं की थोडं आत. मी मराठी माध्यमातून शिकले, नंतर इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, बी.एड. नाही. यंदा जूनपासून शेजारच्या चाळीतली पाचवी-सहावीची काही मुलं इंग्रजीसाठी घरी येऊ लागली आहेत. यजमान शारजाला एका गोदामात सुपरवायझर आहेत. मुलाची वार्षिक परीक्षा झाली की आम्हीही तिकडे जाणार. तिथे शिकवण्या घ्याव्यात असं मनात आहे, पण तिथे मला ओळखतं कोण? शिवाय तिकडे म्हणे इंग्रज बायका शिकवतात, फिलिपिनो शिकवतात, केरळच्या शिक्षिका तर बिल्डिंगी-बिल्डिंगीत आहेत. त्यात माझ्यासारख्या नवखीकडे कोण आपलं मूल पाठवणार? पाट्या लावू, की पेपरात जाहिरात देऊ? नाव छापू नये. — एक वाचक, चिंचोटी

उत्तर : ताई, पाटी आणि जाहिरात दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. त्याआधी एक कागद लागतो आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

संयुक्त अरब अमिरातींत पैसे घेऊन खासगी शिकवण्या करायच्या तर परवाना हवा. पूर्वी हा मामला अवघड होता. शिकवण्या सगळीकडे चालत, पण गुपचूप. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयाने आणि मनुष्यबळ मंत्रालयाने मिळून खासगी शिक्षकांसाठी वेगळा परवाना सुरू केला. शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकांनाच तो मिळतो असं नाही. दुसरीकडे नोकरी करणारे, नोकरी नसलेले, विद्यापीठात शिकणारे, इतकंच काय, पंधरा ते अठरा वर्षांची शाळकरी मुलंसुद्धा अर्ज करू शकतात. म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या गृहिणीला दार उघडं आहे. परवान्याला पैसे पडत नाहीत, तो दोन वर्षं चालतो, आणि अर्जाचा निकाल पाच कामकाजी दिवसांत लागतो. नकार आला तर मात्र पुन्हा अर्ज करायला सहा महिने थांबावं लागतं, तेव्हा अर्ज घाईघाईत भरू नका. सोबत एका आचारसंहितेवर सही करावी लागते. चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागतात. शिकवल्याचा अनुभव असेल तर त्याचाही कागद जोडता येतो. नियम बदलत राहतात; निघण्याआधी मनुष्यबळ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचून घ्या, कुणा भावजीच्या मित्राने सांगितलं म्हणून विसंबू नका.

हा अर्ज इथून निघण्याआधी होणार नाही, कारण आधी तिथलं ओळखपत्र, म्हणजे एमिरेट्स आयडी, हातात यावं लागतं. व्हिसा, वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, यात सुरुवातीचे काही आठवडे जातात. ते फुकट गेले असं समजू नका. त्या दिवसांत काय करायचं ते पुढे सांगतो.

इथे एक काम मात्र आत्ताच उरकून घ्या. पदवीचं प्रमाणपत्र राज्य सरकार, दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातींचा दूतावास या पायऱ्यांनी प्रमाणित करून ठेवा. शिकवणीसाठी आई-बाप ते मागणार नाहीत. पण उद्या एखाद्या शाळेत साहाय्यक शिक्षिकेची जागा निघाली, तर तिथून बसून हे करवून घेताना नाकी नऊ येतात.

आता तुमचा खरा प्रश्न. कोण येईल?

इंग्रज बाईकडे जाणारं मूल तुमच्याकडे येणार नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ज्या घरांना ब्रिटिश उच्चार हवेत त्यांना तेच हवेत. तिथे तुम्ही स्वस्तात शिकवते म्हटलंत तरी त्या घरची आई संशयानेच बघेल. तुमचं गिऱ्हाईक वेगळं आहे. शारजा आणि दुबईतल्या भारतीय शाळांत सीबीएसईचा अभ्यासक्रम असतो, मुलं इंग्रजी माध्यमात असतात, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या घरी इंग्रजी बोलणारं कुणी नसतं. बाप नाशिक, सातारा किंवा सुरतहून आलेला, आई मराठी, हिंदी किंवा गुजराती माध्यमातली. मुलाच्या वहीत 'इम्प्रूव्ह युवर ग्रामर' असा लाल शेरा पडतो, आणि घरात तो वाचून नेमकं काय सुधारायचं हे कुणालाच कळत नाही. दुसरी मुलं ती, जी तुमच्या मुलासारखीच मधूनच उचलून तिथे नेलेली असतात. महाराष्ट्रात सेमी-इंग्रजीत शिकलेला सहावीतला मुलगा एकदम इतिहास, भूगोल सगळं इंग्रजीतून वाचायला लागतो. पहिली घटक चाचणी होईपर्यंत तो गप्प असतो आणि चाचणी झाली की घरात रडारड. तिसऱ्या त्यांच्या आया. शाळेतल्या पालकसभेत बाईंपुढे तोंड उघडता यावं, दवाखान्यात डॉक्टरला दुखणं सांगता यावं, एवढंच त्यांना हवं असतं. पण ते त्या सहजी बोलून दाखवत नाहीत.

या तिघांनाही इंग्रज बाईपेक्षा तुम्ही जास्त उपयोगी आहात. कसं, ते वहीतल्या एका वाक्यावर दाखवतो. समजा, एखादा मुलगा 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' असं लिहितो. ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे तो शिक्षक वाक्य खोडून 'आय हॅव' लिहील आणि पुढे जाईल. मुलगा दुसऱ्या दिवशी 'ही इज नोइंग माय फादर' लिहील, कारण मूळ रोग तिथेच राहिला. तुम्हाला ठाऊक आहे की 'आहे' हा शब्द आपल्या जिभेवर सगळीकडे चिकटलेला असतो. 'मला दोन भाऊ आहेत' आणि 'तो येत आहे' यांतला 'आहे' त्या मुलाने एकच धरला. तुम्ही एकाच बैठकीत दहा क्रियापदं घेऊन त्याला सांगू शकता की ओळखणं, असणं, आवडणं, कळणं ही 'इंग' लावायची क्रियापदं नव्हेत. तेच 'ए', 'ॲन' आणि 'द'चं. आपल्याकडे ही उपपदं नाहीतच. मूल ती अंदाजपंचे टाकतं आणि प्रत्येक पेपरात गुण गमावतं. 'डिस्कस अबाउट', 'रिटर्न बॅक', 'यस्टर्डे आय हॅव वेन्ट' ही सगळी आपली घरची दुखणी आहेत, आणि तुम्ही ती स्वतः काढून बरी केलेली आहेत. मराठी माध्यमाची लाज पत्रात डोकावते आहे, ती काढून टाका. नवख्या शिक्षिकेकडे विकायला तेवढंच भांडवल असतं, आणि ते बऱ्यापैकी मोठं आहे.

म्हणून 'इंग्लिश स्पीकिंग, ग्रामर, ऑल सब्जेक्ट्स, केजी टू टेन्थ' अशी पाटी नको. सगळं शिकवतो म्हणणाऱ्याकडे काय म्हणून जायचं, तेच लोकांना कळत नाही. पहिल्या वर्षी तिसरी ते आठवी, विषय फक्त इंग्रजी, आणि मराठी-हिंदी बोलणाऱ्या घरातली मुलं, एवढंच धरा. दहावीची मुलं पहिल्या वर्षी घेऊ नका. बोर्डाच्या परीक्षेत गुण कमी पडले की खापर शिकवणीवर फुटतं आणि बोभाटा बिल्डिंगभर होतो.

पाट्यांबद्दल तर स्पष्टच सांगतो. आपल्याकडे चिंचोटी फाट्यावरच्या विजेच्या खांबावर क्लासची पत्रकं एकावर एक चिकटलेली असतात, कुणी काही बोलत नाही. तिथे खांबावर, बसथांब्यावर, भिंतीवर कागद चिकटवला तर पालिका दंड करते, आणि कागदावर तुमचाच फोन नंबर असल्याने शोधायलाही जावं लागत नाही. पेपरातली जाहिरात आता कुणी वाचत नाही. ऑनलाइन वर्गीकृत जाहिराती आहेत. टाकायला हरकत नाही, पण तिथून येणारा पहिला प्रश्न 'किती घेता?' आणि दुसरा 'कमी करणार का?' असाच असतो. अशा ठिकाणी नवखा माणूस भावात मार खातो.

शिकवणी ओळखीतून मिळते. ही काही आखातातली नवी रीत नव्हे. १८७८ साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर विलायतेला निघण्याआधी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले, ते इंग्रजी बोलण्याचा आणि विलायती रीतिरिवाजांचा सराव व्हावा म्हणून. शिकवायला होत्या डॉक्टरांच्या कन्या अन्नपूर्णा, नुकत्याच इंग्लंडहून आलेल्या. हा विद्यार्थी त्यांना जाहिरातीतून मिळाला नव्हता. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात सनदी नोकरीत होते आणि प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग त्यांच्या चांगल्या परिचयाचे; एवढ्यावर हे जमलं. पुढे रवींद्रनाथांनी अन्नपूर्णांना 'नलिनी' हे नाव दिलं, त्याच्या कथा लोक चवीने सांगतात, पण मला त्यातली शिकवणीच जास्त रोचक वाटते: शिकवणारीकडे पदवी किंवा अनुभव किती, हे कुणी विचारलं नाही. विद्यार्थ्याला जिथे जायचं आहे तिथून ती जाऊन आलेली आहे, हे पुरेसं ठरलं. धोंडो केशव कर्वे पुण्याला फर्ग्युसनमध्ये १८९१ साली गेले, त्याआधी मुंबईत शाळांमधले तास आणि खासगी शिकवण्या यांवरच त्यांचा संसार चालत होता.

ओळखीच्या बाजाराची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतून आणि लंडनहून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांनाही मुंबईत खासगी शिकवण्या कराव्या लागल्या, आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा त्यांनी मांडलेला व्यवसाय गिऱ्हाइकांना जात कळताच बसला. विद्वत्ता कमी पडली नव्हती. चार माणसांच्या तोंडी चालणारा बाजार त्या चार माणसांपलीकडच्याला दार उघडत नाही. आखातात हे प्रांताप्रांतात वाटलेलं दिसतं: मल्याळी माणूस मल्याळी शिक्षिकेला विचारतो, गुजराती गुजरातीला. मराठी मंडळी संख्येने त्यांच्यापुढे कमीच. तेव्हा आपल्या मंडळात जरूर जा, पण तिथेच बसून राहिलात तर वर्षभर दोनच मुलं शिकवाल.

मग ओळख व्हायची कुठे? आता ते पहिले काही रिकामे आठवडे कामी आणा. शारजात भारतीय शाळांच्या बसेस बिल्डिंगपाशी येतात. सकाळी लवकर, सहाच्या सुमाराला, आया मुलांना घेऊन खाली उभ्या असतात. दुपारी मुलं परत येताना पुन्हा. तुमचंही मूल शाळेत जाणार, म्हणजे तुम्ही तिथे रोज असणारच. पहिल्या दिवशी 'मी शिकवण्या घेते' हे वाक्य काढू नका. कोणत्या शाळेत चाचणी कधी आहे, कोणती बाई इंग्रजीत जास्त गुण कापते, कोणाचं मूल नुकतंच आलंय, हे नुसतं ऐका. आठवड्याभरात कुणाच्या घरी इंग्रजीचा घोर आहे ते आपोआप कळतं. परवाना हातात आला की त्यातल्या एकीला बाजूला घेऊन विचारा, 'तुमच्या मुलाला अर्धा तास भेटू का? काही नाही, कुठे अडतो एवढं बघते.' एवढ्या विचारण्यात कुणी नाही म्हणत नाही.

बिल्डिंगचा वॉचमन, खालचा बकालेवाला (तिकडे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला बकाला म्हणतात) आणि तुमच्या यजमानांच्या गोदामातली मंडळी, ही तीन तोंडं पुष्कळ आहेत. बिल्डिंगचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. तिथे एकदाच लिहा, आणि चार ओळींत लिहा: कोणत्या इयत्ता, फक्त इंग्रजी, परवाना आहे, कोणत्या बिल्डिंगमध्ये, कोणते दोन वार रिकामे. फुलांची चित्रं, 'बेस्ट कोचिंग' वगैरे नको. परवाना असल्याचं मात्र आवर्जून लिहा. पुष्कळ जण अजून चोरून शिकवतात, त्यामुळे परवान्याचा उल्लेख वाचून आई-बाप निश्चिंत होतात.

वसईचा तुम्हाला एक जादा फायदा आहे. आपल्या भागात कितीतरी घरांत एखादा मामा, एखादी मावशी आखातात नोकरी करून आलेली किंवा अजून तिथेच असलेली सापडते, ख्रिस्ती घरांत तर विशेष. निघायच्या आधी नायगाव, पापडी, माणिकपूरकडच्या ओळखीच्या घरांत जाऊन विचारा: शारजात तुमचं कोण आहे? नंबर घेताना 'माझ्यासाठी मुलं बघा' म्हणू नका, 'मी नवीन आहे, तिथलं काही विचारायचं झालं तर फोन करीन' एवढंच म्हणा. माणसं मदत करायला तयार असतात, त्यांना कामाला जुंपलं की मागे सरतात.

त्या पहिल्या अर्ध्या तासाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण शिकवणी मिळते किंवा जाते ती तिथेच. मुलाची वही मागू नका; वहीतली उत्तरं गाईडमधून उतरवलेली असतात. त्याच्या पाठ्यपुस्तकातला अजून शाळेत न शिकवलेला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या. मग पुस्तक मिटून विचारा, काय वाचलंस? मराठीत सांगितलं तरी चालेल. अर्थ कळलाय पण इंग्रजीत सांगता येत नाही हा एक प्रकार. फडाफड वाचतो पण अर्थच कळलेला नाही हा दुसरा, आणि दुसरा जास्त आढळतो. मग काल संध्याकाळी काय काय केलं ते पाच वाक्यांत लिहायला सांगा. भूतकाळ तिथे लगेच उघडा पडतो. हे झालं की आईला बोलवा आणि तीनच गोष्टी सांगा: हे याला येतं, हे येत नाही, आणि यातलं हे आपण दोन महिन्यांत ठीक करू. 'सगळं कच्चं आहे' असं कधीही म्हणू नका. आई घाबरते आणि मुलाला दुसरीकडे दाखवायला नेते. हा अर्धा तास फुकट द्या. पण पूर्ण तास शिकवून 'पहिला आठवडा फ्री' असली योजना काढू नका. फुकट आठवडा खाणारी घरं वेगळी आणि फी देणारी वेगळी.

फी किती, हे मी सांगणार नाही. शारजातला आकडा तुमच्या गल्लीतच ठरतो. तीन आयांना विचारा त्या काय देतात आणि त्याच्या मध्यावर बसा. आपल्याकडे महिन्याची एकरकमी फी असते, मग मूल चार दिवस आलं काय नि वीस दिवस आलं काय. तिथे तासावर हिशोब असतो. माझं मत विचाराल तर आठ तासांचे पैसे आगाऊ घ्या, भरलेले तास एका वहीत आईच्या सहीने नोंदवा, आणि बुडवलेला तास आदल्या दिवशी कळवला असेल तरच भरून द्या. पैशावरून तोंड वाकडं करायची वेळ येत नाही. मुलाच्या घरी जाऊन शिकवणार असाल तर घरात आई असतानाचीच वेळ धरा, दार उघडं ठेवून बाहेरच्या खोलीत बसा. स्वतःच्या घरी एकावेळी एक-दोनच मुलं. चाळीतल्यासारखा घोळका जमला तर शेजारी तक्रार करतात, आणि तिथे तक्रारीची दखल पटकन घेतली जाते.

दुबईतल्या मुलांना हो म्हणू नका, निदान पहिल्या वर्षी. शारजा आणि दुबई नकाशावर खेटून आहेत, पण संध्याकाळी त्या रस्त्यावर जी कोंडी होते ती घोडबंदरकडून येताना वर्सोवा पुलाजवळ अडकलेल्या माणसालाही धडकी भरवेल. तासाची फी आणि दोन तास टॅक्सीत. अल नहदासारख्या सीमेवरच्या वस्तीत राहत असाल तर गोष्ट निराळी; तिथे दोन्हीकडची मुलं पायी येतात.

वर्षाचा हिशोबही आत्ताच डोक्यात बसवा. भारतीय शाळा तिथेही एप्रिलमध्ये सुरू होतात, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा वर्ष नुकतंच उघडलेलं असेल आणि कुणालाच शिकवणीची निकड नसेल. मे-जूनमध्ये पहिली चाचणी झाली की फोन येऊ लागतील, आणि जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाळ्याची सुट्टी लागली की सगळी बिल्डिंग गावी. त्या दोन महिन्यांत उत्पन्न शून्य धरा. खरं काम सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. रमजानात शाळेच्या वेळा आखडतात, मुलं लवकर घरी येतात, तेव्हा दुपारचे तास मिळतात. शिवाय २०२२ पासून शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते. शुक्रवार सकाळ शिकवणीसाठी फार चांगली, कारण मुलाची झोप झालेली असते आणि आईही घरी असते.

आणि आता चिंचोटीतले उरलेले महिने. मुलं आहेतच, त्यांच्यासोबत एक-दोन मोठी माणसं शिकवायला घ्या. कामण, वालीव, सातिवलीकडच्या गाळ्यांत आणि कारखान्यांत कितीतरी पोरं सुपरवायझर व्हायला निघालेली आहेत; साहेबाला ईमेलवर 'माल पोचला नाही, ट्रक उद्या येईल' एवढं लिहिताना त्यांना घाम फुटतो. शारजात तुमच्या यजमानांच्या गोदामात नेमकी हीच पोरं भेटणार आहेत. रात्री आठनंतरचा तास त्यांना चालतो. फी कमी घ्या, पण शिकवून झाल्यावर त्यांनी लिहिलेलं पहिलं आणि शेवटचं पत्र जपून ठेवा, नाव खोडून. शारजात कुणी अनुभव विचारला तर तोंडाने सांगण्यापेक्षा ही दोन पानं पुढे करा.

प्रश्न : माझी मुलगी लग्न होऊन न्यू जर्सीला गेली आहे, एच-४ व्हिसावर. तिला शेजारच्या दोन चिनी बायका इंग्रजी शिकवशील का म्हणून विचारतात, पैसेही देतो म्हणतात. घ्यावेत का? — एक पालक, नायगाव

उत्तर : घेऊ नयेत. एच-४ वर कामाचं परवानापत्र हातात नसेल तर पैसे घेऊन शिकवणं हे विनापरवाना काम धरलं जातं, मग रक्कम किरकोळ असली आणि रोखीत दिली तरीही. २०१५ पासून काही एच-४ पत्नींना असं परवानापत्र मिळतं, पण त्यासाठी पतीचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झालेलं लागतं. पतीच्या कंपनीच्या वकिलाला एकदा विचारून घ्यावं. 'मग मी इंडियातल्या मुलांना ऑनलाइन शिकवते आणि पैसे इकडच्या खात्यात येऊ देते' ही पळवाट पुष्कळ जणी सांगतात. पैसे कुठल्याही खात्यात आले तरी काम अमेरिकेत बसूनच होतं, तेव्हा या पळवाटेवर विसंबू नये.

तोवर विनामूल्य शिकवायला जागा भरपूर आहेत. तिथल्या सार्वजनिक वाचनालयांत नव्याने आलेल्या लोकांसाठी इंग्रजी संभाषणाचे वर्ग असतात आणि त्यांना स्वयंसेवक लागतात. त्या चिनी शेजारणींना घेऊन तिने तिथेच जावं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांतही स्वयंसेवी शिक्षक असतात. परवानापत्र आलं की याच ठिकाणची माणसं पहिली फी देतील.

इतर देशांचंही कुणी ना कुणी विचारेल म्हणून दोन ओळी. सिंगापुरात आश्रित पासवर असलेल्यांना मे २०२१ पासून नोकरीसाठी वेगळा पास लागतो. जपानमध्ये आश्रितांना परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. खासगी शिकवणी त्या परवानगीत बसते का, हे स्थलांतर कार्यालयात विचारूनच सुरू करावं. तिथे मोठ्या माणसांना कॅफेत बसून इंग्रजी संभाषण शिकवण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे, आणि तोक्योतल्या निशीकासाईत भारतीय कुटुंबांची वस्ती मोठी आहे. म्हणजे तिथेही दोन बाजार आहेत: जपानी प्रौढांचा आणि आपल्या शाळकरी मुलांचा. नवख्याने दुसऱ्यापासून सुरुवात करावी.

प्रश्न : परदेशात इंग्रजी शिकवायचं तर १२० तासांचं ऑनलाइन प्रमाणपत्र घ्यावं, असं इन्स्टाग्रामवर सारखं दिसतं. घेऊ का? आणि आयईएलटीएस शिकवता येईल का? त्यात पैसा आहे म्हणतात. — एक वाचक, विरार

उत्तर : खासगी विद्यार्थ्यांच्या आई-बापांनी असलं प्रमाणपत्र मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. शाळांना पदवी आणि बी.एड. हवं असतं. मधल्या जागेत, म्हणजे प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्या संस्थांत, केंब्रिजच्या सेल्टा या अभ्यासक्रमाला मान आहे. तोही साधारण १२० तासांचाच, पण त्यात किमान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभं राहून शिकवावं लागतं आणि मागे बसलेला परीक्षक ते तपासतो. महाग आहे आणि कष्टाचा आहे. व्हिडिओ पाहून मिळणाऱ्या स्वस्त प्रमाणपत्रात हे शिकवणंच नसतं. तेवढ्या पैशांत चांगलं व्याकरणाचं पुस्तक घ्या, एक उत्तम शब्दकोश घ्या, आणि उरलेले ठेवून द्या.

आयईएलटीएस शिकवायचं असेल तर आधी स्वतः पैसे भरून परीक्षा द्या. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, शून्य ते नऊ असे गुण, हे सगळ्यांना पाठ असतं. पण लेखनाच्या साठ मिनिटांत दोन प्रश्न लिहिताना घड्याळाकडे बघत कसा हात थरथरतो, आणि बोलण्याच्या परीक्षेत समोरचा मध्येच थांबवून पुढचा प्रश्न विचारतो तेव्हा काय करायचं, हे बसल्याशिवाय सांगता येत नाही. त्या विद्यार्थ्याचं बहुधा कॅनडाचं किंवा इंग्लंडचं पुढचं सगळं त्या अर्ध्या गुणावर अडलेलं असतं. नर्स असेल तर नोकरीच अडलेली असते. नवख्या शिक्षकाने त्यावर हात साफ करू नये. असं कुणी विचारत आलं तर ओळखीतल्या अनुभवी शिक्षकाकडे पाठवा. तो खालच्या इयत्तांची मुलं सहसा घेत नाही. त्याच्याकडे आलेली चौथी-पाचवीची पोरं तुमच्याकडे येतील.